थॅलेसेमियाच्या मुलाचं वय कोण मोजतंय?

कोल्हापुरात थॅलेसेमियाच्या एखाद्या मुलासाठी मदतीचं आवाहन फिरू लागलं की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू तालीम मंडळांची, कॉलेजच्या पोरांची, पेठेतल्या बायकांची. त्यांचं म्हणणं सरळ असतं: पोराला वाचवायचं, किती लागतात ते सांगा. दुसरी बाजू शिकल्यासवरल्या मंडळींची, त्यात काही डॉक्टरही असतात. एका मुलाच्या बोन मॅरो प्रत्यारोपणावर (हाडांतला रक्त बनवणारा मगज बदलण्यावर) दहा-पंधरा लाख घालण्यापेक्षा तेवढ्या पैशांत हजारो जोडप्यांच्या रक्ताची तपासणी होईल आणि अशी मुलं जन्मालाच येणार नाहीत, असा त्यांचा हिशोब. गरीब देशाला हेच परवडतं, असं त्याला शेपूट. पहिली बाजू दुसरीला निर्दय ठरवते, दुसरी पहिलीला भाबडी. या भांडणात कुणीही एक साधा प्रश्न विचारत नाही: ज्याच्यासाठी आवाहन फिरतंय त्या मुलाचं वय किती, आणि ते आताच का फिरतंय, पाच वर्षांपूर्वी का नाही?

माझं मत आधीच सांगतो. सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मॅरो जुळत असेल, मूल लहान असेल आणि यकृत अजून शाबूत असेल, तर प्रत्यारोपण हा चैनीचा उपचार नाही. ते सार्वजनिक पैशातून, कुणापुढे हात न पसरता, ठरलेल्या वयात व्हायला हवं. आणि वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून तो मुलांना देऊ शकणारी माणसं, शोधण्याची तपासणीही त्याच यंत्रणेनं, त्याच जोमानं करायला हवी. आपल्याकडे मुलंही जातात आणि पैसाही जातो, तो मुख्यतः उशिरामुळे.

आजार नीट समजून घेतला तर हे पटेल. बीटा थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीराला हिमोग्लोबिनचा एक आवश्यक भाग बनवताच येत नाही, किंवा फार थोडा बनवता येतो. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची असते. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो. फार तर थोडं रक्त कमी, आणि त्यावर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या. मेजर असलेलं मूल मात्र सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी पांढरं पडायला लागतं, पोट वाढतं, आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवणं सुरू होतं. वर्षाला सतरा ते सव्वीस वेळा, जन्मभर. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं, वाढ आणि वयात येणं ज्या ग्रंथींवर अवलंबून असतं त्यांत साचतं. पूर्वी ते काढायला डेस्फेरालचा पंप लावावा लागायचा: पोटाच्या कातडीखाली सुई, रात्री आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता गोळ्या आहेत. पण मुलाचं वजन वाढेल तसं रक्त वाढतं, गोळ्या वाढतात, खर्च वाढतो. भारतात दरवर्षी अशी सुमारे १०,००० मुलं जन्माला येतात, आणि वाहकांची संख्या साडेतीन-चार कोटींच्या घरात धरली जाते.

"हे आपल्यात नसतं, सिंध्यांच्यात असतं," हे वाक्य इथं सर्रास ऐकू येतं. फाळणीनंतर गांधीनगरला सिंधी कुटुंबं वसली, त्या समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. सिंधी, पंजाबी, कच्छी भानुशाली, लोहाणा या समाजांची नावं पुस्तकांतही पहिल्यांदा येतात. पण रक्त चढवायच्या वॉर्डात जाऊन आडनावं वाचली तर हा समज टिकत नाही. तिथं चंदगडचं, शाहूवाडीचं, शिरोळचं मूल दिसतं. मराठा, जैन, बौद्ध, मुस्लिम, धनगर, सगळे. त्यात आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल. घरात एक वाहक असला तर अशा लग्नात दुसरा वाहक समोर येण्याची शक्यता वाढतेच. म्हणून तपासणीवाल्यांचं म्हणणं मी जराही हलक्यात घेत नाही.

हा वॉर्ड एकदा जवळून बघावा. चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेला बाप आधी रक्तगट जुळवायचा नमुना देतो, मग पिशवीची वाट बघतो. पिशवी आली की ती जरा वेळ बाहेर ठेवायची, थंडगार रक्त लगेच चढवत नाहीत. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर मिळाला तर ठीक. नसला तर तो विकत आणायचा की बिनफिल्टरचं रक्त घ्यायचं, हा निर्णय बाप करतो, खिशात हात घालून. उजव्या हाताची शीर मिळाली म्हणून डाव्या हातानं शुद्धलेखन लिहिणारी तिसरीतली मुलगी मी पाहिली आहे. अक्षर वाकडं येतं म्हणून ती रडत होती. सुईबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. चार तास पिशवी चालते, संध्याकाळची गाडी गाठायची, दुसऱ्या दिवशी बापाची रोजंदारी बुडालेली आणि मुलीची शाळा. पुन्हा अठरा दिवसांनी हेच. एप्रिल-मे आला, कॉलेजं बंद झाली, रक्तदान शिबिरं आटली की अठराचे बावीस होतात आणि हिमोग्लोबिन सहावर येतं. या मुलांना रक्त मोफत मिळतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेशही झालेला आहे. पण मोफत म्हणजे वेळेवर नव्हे, आणि सुरक्षितही नव्हे. २०११ मध्ये गुजरातेत जुनागडला रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं होतं.

या सगळ्यातून बाहेर काढणारा उपचार नवा नाही. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेत सिएटलला ई. डोनल थॉमस यांच्या चमूनं थॅलेसेमियासाठी पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. थॉमसना पुढं १९९० मध्ये नोबेल मिळालं. डिसेंबर १९८१ मध्येच इटलीतल्या पेझारो गावी ग्विडो लुकारेल्ली यांनी हे काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षांत जगातला सर्वांत मोठा अनुभव तिथं जमा झाला. भारतात मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये बोन मॅरो प्रत्यारोपण सुरू झालं, १९८६ मध्ये वेल्लोरला. पद्धत अशी: औषधांनी मुलाचा स्वतःचा मॅरो पूर्ण पुसायचा, मग भावंडाच्या कमरेच्या हाडातून काढलेला मॅरो सलाईनसारखा शिरेतून द्यायचा, आणि तो रुजेपर्यंत दोन ते चार आठवडे मुलाला जंतूंपासून सांभाळायचं. मग पुढचे महिने नव्या पेशींनी मुलाच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून औषधं. साधारण शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहावं लागतं. जुळणाऱ्या भावंडाकडून, लहान वयात आणि यकृत चांगलं असताना केलं, तर दहापैकी नऊच्या आसपास मुलं जगतात आणि त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा रक्त लागत नाही. वापरली जाणारी औषधं बहुतांशी जुनी, आपल्याकडे बनणारी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जीन थेरपीची किंमत तेव्हा २८ लाख डॉलर होती. ती आपल्या चर्चेत आणायचीही गरज नाही. इथं दाता घरातच बसलेला असतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत पक्का मुद्दा. हजारो गर्भवतींची तपासणी आणि एक प्रत्यारोपण यांची तुलना केली तर टळणाऱ्या दुःखाच्या हिशोबात तपासणी जिंकते, हे मान्य. पंचवीस-तीस टक्के मुलांनाच जुळणारं भावंड मिळतं, हेही मान्य. म्हणजे उद्या सगळा पैसा मिळाला तरी तीन-चतुर्थांश मुलांसाठी रक्त आणि गोळ्या हाच मार्ग राहणार. प्रत्यारोपणानं थॅलेसेमिया संपेल असं जो सांगतो तो पालकांची फसवणूक करतो. पण एवढं मान्य केल्यावर निष्कर्ष काय निघतो? तपासणी न जन्मलेल्यांसाठी आहे. जे मूल आज वॉर्डात बसलंय त्याला तपासणीनं काय मिळणार? प्रतिबंधाचा पैसा आणि उपचाराचा पैसा एकाच डब्यातून काढायचा आणि एकानं घेतला की दुसऱ्याचा गेला, हे गृहीतक आलं कुठून? आणि ज्यांनी प्रतिबंध खरोखर करून दाखवला त्यांनी असं केलं होतं का?

सायप्रसकडे बघा. १९७० च्या दशकात त्या छोट्या बेटावर असा हिशोब मांडला गेला की काहीच केलं नाही तर काही दशकांत आरोग्यावरचा जवळपास सगळा पैसा थॅलेसेमियाच्याच रुग्णांवर लागेल. त्यांनी वाहक शोधायला सुरुवात केली, १९८० च्या दशकात ऑर्थोडॉक्स चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि मेजर मुलांचे जन्म जवळपास थांबले. पण ही मोहीम उभी राहिली ती असलेल्या रुग्णांना चांगला उपचार द्यायचाच, हे आधी ठरल्यामुळे. उपचार द्यायचा म्हणून तर खर्च डोळ्यांत भरला. सार्डिनियात अँटोनिओ काओ यांनी गावोगाव तपासणी नेली आणि अडीचशे जन्मांत एक असणारं मेजरचं प्रमाण चार हजारांत एकापर्यंत खाली आणलं. सार्डिनिया इटलीत आहे, पेझारोही इटलीतच. प्रतिबंधाचं जगातलं एक मोठं यश आणि प्रत्यारोपणाचा सर्वांत मोठा अनुभव एकाच देशात, एकाच काळात वाढला. हा योगायोग मला वाटत नाही. जिथं आजारी मुलाला बरं करायची वाट दिसते तिथं त्याची मावशी, आत्या, चुलतभाऊ तपासणीला येतात. जिथं आजार म्हणजे फक्त डाग असतो तिथं घरं तो लपवतात, मुलीचं लग्न मोडेल म्हणून. आपल्या गावाकडची कुठलीही आशाताई हे सांगेल.

"गरीब देशाला प्रतिबंधच परवडतो" हे वाक्य याआधीही ऐकून झालंय. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचआयव्हीवरचं तिहेरी औषध आलं तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आफ्रिकेत आणि भारतात उपचार शक्य नाही, जनजागृती करा. २००१ मध्ये अमेरिकेच्या मदतसंस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी तर आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाच्या वेळेप्रमाणे गोळ्या घेणं जमणार नाही, असा सूर लावला होता. त्याच वर्षी सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी वर्षाला ३५० डॉलरमध्ये तेच औषध द्यायची तयारी दाखवली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं ते मोफत द्यायला सुरुवात केली, महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. पुढं असं दिसलं की उपचार घेणाऱ्या माणसाकडून लागणही कमी होते. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध ठरला. सांगली-कोल्हापूर पट्ट्यानं एड्सची ती वर्षं सोसली आहेत. तेव्हा जे जगले त्यांना आज कुणी विचारेल का, की तुमच्या पैशांत किती पोस्टर छापली असती?

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे आणि तो प्रामाणिक डॉक्टर घेतात. प्रत्यारोपणात मूल दगावू शकतं. चांगलं रक्त आणि नियमित लोह काढणं मिळालं तर आज थॅलेसेमियाचा माणूस पन्नाशीपर्यंत, त्यापुढेही जगतो, नोकरी करतो, संसार करतो. मग सहा वर्षांच्या, हसत्या-खेळत्या मुलाला, ज्याला आज काही होत नाहीये, असा धोका कशाला? शिवाय मॅरो पुसणाऱ्या औषधांनी पुढं मूल न होण्याचा धोका राहतो. या प्रश्नापुढं मीही थांबतो. ज्या घरानं हा धोका पत्करला आणि मूल गमावलं, त्या घरापुढं आकडे बोलू नयेत. पण तुलना कशाशी करायची? इटलीतल्या दवाखान्यातल्या पन्नाशीच्या रुग्णाशी, की मे महिन्यात पिशवी न मिळाल्यानं परत पाठवलेल्या मुलाशी? आपल्या तालुक्यांतल्या किती मुलांचं फेरिटिन, म्हणजे साचलेल्या लोहाचा अंदाज देणारं रक्तातलं माप, दर तीन महिन्यांनी तपासलं जातं? किती जणांच्या हृदयातलं लोह कधीतरी एमआरआयनं मोजलंय? गोळ्या संपल्या, पुढचा पुरवठा आला नाही, म्हणून दोन महिने सुट्टी, असं किती घरांत घडतं? चांगला उपचार जन्मभर मिळेल याची हमी देता येत असती तर पालकांना थांबायचा सल्ला मीही दिला असता. आज ही हमी कोण देतंय?

यातही एक खाच आहे आणि ती पहिल्या बाजूनं, मदत गोळा करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवी. रक्त आणि गोळ्या नीट मिळत नाहीत म्हणून प्रत्यारोपण करा, असं म्हणून भागत नाही. कारण ज्या मुलाला त्या नीट मिळाल्या नाहीत त्याचंच प्रत्यारोपण जास्त धोक्याचं होतं. लुकारेल्लींनी मुलांचे तीन वर्ग केले ते याच तीन गोष्टी बघून: यकृत वाढलंय का, त्यात वण आहेत का, लोह काढणं नियमित होतं का. वेल्लोरच्या डॉक्टरांनी भारतातल्या मुलांवरून त्यात भर घातली की वय सात किंवा अधिक आणि यकृत पाच सेंटिमीटर किंवा अधिक वाढलेलं असेल तर धोका फारच वाढतो. इटलीच्या क्युअर टू चिल्ड्रन या संस्थेनं पाकिस्तानात आणि भारतात छोट्या केंद्रांबरोबर काम करताना आधी काही महिने रक्त आणि लोहाचं काटेकोर नियोजन करून मुलाला कमी धोक्याच्या वर्गात आणायचं आणि मगच प्रत्यारोपण, ही शिस्त पाळली. कमी खर्चात, साध्या खोल्यांमध्ये त्यांनी चांगले निकाल दाखवले. म्हणजे गोळ्या की प्रत्यारोपण हा वादसुद्धा पोकळ आहे. गोळ्या हीच प्रत्यारोपणाची पहिली पायरी.

उशीर कसा होतो ते एका घराच्या उदाहरणानं सांगतो. गडहिंग्लज भागातलं कुटुंब. मुलगा दीड वर्षाचा असताना निदान झालं, रक्त सुरू झालं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात. थोरला भाऊ घरात होता, धडधाकट. त्याचं एचएलए तपासा, म्हणजे त्याचा मॅरो जुळतो का ते बघा, असं कुणी म्हणालंच नाही. ही तपासणी म्हणजे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस्स. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर एका शिबिरात कुणीतरी ती केली आणि थोरला शंभर टक्के जुळला. घरात पेढे वाटले. मग पुण्याला गेले तेव्हा कळलं की यकृत सहा सेंटिमीटर वाढलेलं, फेरिटिन पाच हजारांच्या वर. आधी वर्षभर लोह काढा, मग बघू. त्या वर्षभराच्या गोळ्या, त्यानंतरचा वाढलेला धोका, वाढलेला खर्च आणि शेवटी व्हॉट्सॲपवरचं आवाहन. दोन वर्षांच्या वयात जे कमी धोक्यात झालं असतं त्याला सात वर्षं लागली, आणि त्या सात वर्षांत दाता एकाच ताटात जेवत होता. कुणाचा दोष? एका डॉक्टरचा, एका दवाखान्याचा म्हणून सोडून देता येत नाही. निदानाच्या कागदावर "भावंडांची एचएलए तपासणी" असा रकानाच नाही, ही चूक कुणा एकाची नसते.

देणाऱ्या भावंडाचाही विचार व्हायला हवा. पाच वर्षांच्या मुलीला भूल देऊन तिच्या हाडातून मॅरो काढायचा, तर तिची संमती कोण देणार? मॅरो काही आठवड्यांत भरून येतो, धोका फार कमी असतो, पण शून्य नसतो. तिच्या बाजूनं बोलणारा वेगळा डॉक्टर असावा, हा मुद्दा मला रास्त वाटतो. दुसरी गोष्ट, दाता मिळावा म्हणून पुढचं मूल होऊ द्यायचा सल्ला नातेवाईक सहज देतात. गणित त्यांना माहीत नसतं. मूल मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, मॅरो जुळण्याची चारात एक, आणि हे दोन्ही गुण वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. म्हणून दोन्ही साधण्याची शक्यता सोळात तीन. आणि सोळात चार वेळा दुसरंही मेजर. असा सल्ला द्यायचाच तर गर्भाच्या तपासणीची सोय आणि वेळ सांगून द्यावा. ती तपासणी गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास व्हावी लागते, आणि त्याआधी आई-वडील दोघांचे रिपोर्ट हातात लागतात.

यातला मला सर्वांत टोचणारा भाग मुलींचा आहे. बहीण देणारी आणि भाऊ घेणारा असेल तर घरात फारशी चर्चा होत नाही. उलट असेल तर "तिचं पुढं काय, लग्न व्हायचंय, एवढे पैसे..." असं सुरू होतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या, हे आपण विसरलो असू तर आठवावं. ज्या घरांनी मुलीला जन्मू दिलं नाही, ती घरं मुलीसाठी शेत विकतील का? उपचाराचा खर्च घराच्या इच्छेवर सोडला तर मुलगी मागं राहणार, हे उघड आहे. सार्वजनिक पैसा हवा याचं हे माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण.

लोकवर्गणीबद्दलही हेच म्हणेन. तालीम मंडळांच्या पोरांनी वर्गणी काढून मुलं वाचवली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वर्गणी कुणाला मिळते? ज्याच्या बापाची ओळख आहे, ज्याचा फोटो चांगला येतो, ज्याच्या गल्लीत मोठं मंडळ आहे त्याला. वाडीवस्तीवरच्या मुलाला कोण ओळखतं? आणि वर्गणी सुरू होते ती मूल अत्यवस्थ झाल्यावर, म्हणजे जेव्हा प्रत्यारोपण करू नये तेव्हा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही रीत माणुसकीची असली तरी औषधोपचाराची नाही.

"पण पैसा कुठून आणायचा?" या प्रश्नाला या मातीत एक जुनं उत्तर आहे. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात मांडलं. काही भागांपुरती, हळूहळू सक्ती, एवढंच त्यात होतं. १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. देश त्यासाठी तयार नाही, खर्च झेपणार नाही, ही कारणं त्यात होती. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी इंग्रज सरकारच्या मानानं चिमुकल्या असलेल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते की आधी सगळ्यांना बाराखडी येऊ दे, मग कॉलेजच्या पोरांचं बघू, असं महाराज म्हणाले नाहीत. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्येच उभं राहिलं होतं, त्यामागोमाग वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं. वसतिगृहात राहणारी पोरं मोजकीच होती, दरडोई खर्च शाळेपेक्षा कितीतरी जास्त. तरी दोन्ही कामं एकाच खजिन्यातून चालली. थॅलेसेमियाचा प्रश्न हुबेहूब तसा नाही, हे कळतं. शाळा सर्वांसाठी असते, प्रत्यारोपण काहींसाठी. पण थोड्यांवरचा जास्त खर्च म्हणजे पुष्कळांवरचा अन्याय, हे समीकरण या शहरात तरी आपोआप खरं मानलं जाऊ नये.

पैसा अजिबात नाही असंही नाही. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत ठरावीक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहायता निधी आहेत. मुंबई महापालिका बोरिवलीत थॅलेसेमियाच्या मुलांसाठी स्वतःचं प्रत्यारोपण केंद्र चालवते, म्हणजे सार्वजनिक यंत्रणेला हे जमतं हे सिद्ध झालंय. २०१६ पासून देशभर जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची योजना आली, तेव्हा "किडनीचा आजार आधी टाळा, मशीन नंतर बघू" असं कुणी म्हटलं नाही. घोडं अडतं ते मूल या योजनांपर्यंत वेळेत पोचण्यात.

म्हणून कोल्हापुरातच प्रत्यारोपण केंद्र काढा, ही मागणी मी करणार नाही, जरी ती करणारे माझेच मित्र आहेत. वर्षाला चार-पाच प्रत्यारोपणं करणारं केंद्र मुलांसाठी धोक्याचं. हे काम रोज करणाऱ्या हातांनीच करावं. पुण्या-मुंबईला, बंगळुरूला ते हात आहेत. कोल्हापूरनं आधीचं आणि नंतरचं काम घ्यावं. सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या छायेत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खाटेवर, फिल्टर केलेलं रक्त. दर तीन महिन्यांनी फेरिटिन, गोळ्यांचा खंड नाही. निदान झाल्यापासून वर्षाच्या आत प्रत्येक भावंडाचं एचएलए, आणि त्याच भेटीत मामा, काका, मावशी, आत्यांची वाहक तपासणी. प्रत्येक गर्भवतीची पहिल्या नावनोंदणीलाच तपासणी, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. प्रत्यारोपणाला गेलेल्या कुटुंबाच्या शंभर दिवसांच्या खोलीचं भाडं आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई. उपचाराचे पैसे मिळूनही याच कारणासाठी अर्ध्यात परतलेली घरं असतात. आणि मूल परत आल्यावर तापाच्या पहिल्या रात्री कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, हे माहीत असलेला इथला एक बालरोगतज्ज्ञ. यातली कुठलीच गोष्ट कोल्हापूरच्या आवाक्याबाहेरची नाही.

पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत एखाद्या आमदारानं किंवा जिल्हा परिषदेच्या सदस्यानं आरोग्य खात्याला एवढंच विचारावं: जिल्ह्यात नियमित रक्त घेणारी थॅलेसेमियाची मुलं किती, त्यांतली सात वर्षांखालची किती, आणि त्यांतल्या किती जणांच्या भावंडांचं एचएलए झालंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर ते किती दिवसांत मिळेल, याची तारीख इतिवृत्तात लिहून घ्यावी.